दोघींचे जाते

फार पूर्वी गोदावरीच्या काठी प्रतिष्ठान नगरावर एक राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वांचा जन्म पाथरवटाच्या कुळात झाला. वडिलांच्या मागे काळ्या दगडाची खाण आणि पाथरवट आळीची वडीलकी त्यांच्याकडे आली. त्या जन्मी त्यांचे नाव इसिदास. ते दळायची जाती घडवीत आणि विकीत.

त्याच नगरात वेशीजवळ दामिला नावाची बाई राहत होती. नवरा सार्थाबरोबर, म्हणजे व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर, बैल हाकत दूरदेशी गेलेला, वर्षातून एकदा घरी येई. वेशीबाहेर सार्थांचा तळ पडे आणि तळावरच्या आचाऱ्याला दळण लागे. ते दळून देऊन दामिला पोट भरी. मात्र हे काम ती एकटीने करीत नसे. समोरच्या घरातली नागश्री तिच्या जोडीला असे. नागश्री वयाने मोठी, मूलबाळ नाही, नवरा केव्हाच वारलेला. तिच्या डोळ्यांत पडदा आला होता. उजेड कुठे आणि सावली कुठे, एवढेच तिला कळे. पण दळायला डोळे लागत नाहीत. हात लागतात, आणि समोर कोणीतरी बसलेले लागते.

जाते नागश्रीच्या माहेरचे होते. जड, काळे, एकटीच्या हाताला न हलणारे. दोघी समोरासमोर बसत आणि एकाच खुंट्याला दोघींचे हात असत. दामिला दाणे वैरी. नागश्री पीठ चिमटीत धरी आणि म्हणे, "जाड येतंय. घास कमी टाक." गाण्याची पहिली ओळ नागश्रीने म्हणायची आणि दुसरी दामिलाने, अशी त्यांची रीत होती. इतकी वर्षे हे असेच चालल्यामुळे दामिलाला साऱ्या गाण्यांच्या दुसऱ्या ओळी पाठ होत्या. पहिल्या ओळी ती कधी शिकलीच नाही. तशी वेळच आली नव्हती.

एका पहाटे जाते फिरता फिरता अडकले. खालची तळी मधोमध तडकली होती.

नागश्रीने तड्यावर बोट फिरवले. "गेली बिचारी. माझ्या आजीनं घासली, आईनं घासली, आपण दोघींनी घासली. दगड झाला तरी किती सोसणार?"

"अक्का, तळावर काय देऊ आता?"

"आजचं दळण शेजारणीकडं उरकू. तू आळीत जा आणि भाव काढून ये. मी आले तर ठेचकाळत येईन, आणि तुझा निम्मा वेळ मला सावरण्यात जाईल."

दामिला पाथरवट आळीत गेली. तिथे जाती विकणारे तिघे होते. वस्तू एकच, पण भाव तीन, आणि तेही जवळपासचे नव्हेत. दामिलाला नवल वाटले. बाईमाणसाला व्यापारातले काय कळते, असे म्हणणारे सगळ्याच गावांत असतात. पण भाव ऐकला की विकणाऱ्याच्या मनात काय चालले आहे त्याचा वास येतो, हे बाजार करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. वास दामिलालाही आला. त्या दिवशी तिने तो मनावर घेतला नाही, एवढेच.

पहिले दुकान श्रीपालाचे. त्याच्या जात्यांच्या कडेने कमळाच्या पाकळ्या कोरलेल्या होत्या आणि खुंटे चंदनाचे होते.

"केवढ्याला?" दामिलाने विचारले.

"ज्यांना विचारावं लागतं त्यांच्यासाठी नाहीत ही, बाई."

"मग कुणासाठी?"

"जे विचारत नाहीत त्यांच्यासाठी. मागल्या महिन्यात राजवाड्यात एक गेलं."

"तिथं दळतं कोण त्याच्यावर?"

"दळतंय कशाला कोणी?" श्रीपाल खरोखरच चकित झाला. "ते मांडून ठेवायचं असतं."

श्रीपालाला नाव हवे होते. भाव खाली आला तर नावही खाली येईल, म्हणून तो भाव चढाच ठेवी. गिऱ्हाईक हात जोडून परत फिरले की त्याला मनातून बरे वाटे.

दुसरे दुकान कण्हदत्ताचे. तो पश्चिमेच्या बंदराकडून गाठीला भरपूर धन बांधून आला होता. दुकानापुढे गर्दी होती. जाती लालसर दगडाची, लहान, हलकी. भाव म्हणाल तर आळीतल्या जुन्या भावाचा जेमतेम तिसरा हिस्सा.

"ये ताई," कण्हदत्त गोड बोलला. "एका हातानं फिरवून बघ. जोडीणीच्या मिनतवाऱ्या नकोत, तिच्या वेळेची वाट बघणं नको."

दामिलाने फिरवून पाहिले. जाते खरेच एका हाताने फिरले.

तिसरे घर बोधिसत्त्वांचे. ते अंगणात बसून तळीला टाकी लावीत, म्हणजे छिन्नीने खाचा पाडीत होते. त्यांनी भाव सांगितला तसा दामिलाचा चेहरा उतरला.

"एवढं माझ्याकडं नाही, दादा."

"एकटीकडं कुणाकडंच नसतं. माझं जातं दोन घरांत मिळून घेतात. निम्मं तू दे, निम्मं जोडीणीनं द्यावं. सवडीनं दिलं तरी चालेल. पुढं दगड गुळगुळीत झाला की आमचा माणूस येऊन टाकी लावून जाईल. त्याला पसाभर पीठ घाला, दुसरं काही नको."

"पलीकडं तर तिसऱ्या हिश्श्यात मिळतंय."

"मिळतंय खरं." बोधिसत्त्वांनी हातोडी खाली ठेवली. "मी या भावात काय काय धरलंय ते सांगतो. खाणीत उतरणाऱ्याची भाकरी धरलीय, त्याच्या बायकोचं बाळंतपण धरलंय. दगड निवडायला लागणारा वेळ धरलाय, म्हणजे तुझ्या पिठात कच येणार नाही. यातलं काय काढू, तू सांग."

दामिलाने पदर सावरला. ती उठली. निम्मे दाम नागश्रीने आणायचे कुठून, असे ती स्वतःशी म्हणाली. म्हातारीवर कशाला भार घालायचा, असेही म्हणाली. स्वतःला पटवायला निघाले की माणसाला दुसऱ्याचीच काळजी आठवते. तिने कण्हदत्ताचे लाल जाते घेतले आणि डोक्यावर ठेवून घरी आली.

नागश्रीने नव्या जात्यावर हात फिरवला.

"लहान आहे गं."

"हलकं आहे, अक्का."

"आणि दुसरा हात कुठं धरायचा?"

खुंटा बोटभर लांबीचा होता. त्यावर एकच मूठ बसत होती. दामिला म्हणाली, "तू आता बस निवांत. मी दळेन. तुझा वाटा तुला आणून देत जाईन."

"दळलं नाही त्याचा वाटा कसला? त्याला दुसरं नाव आहे." नागश्रीच्या आवाजात राग नव्हता. ती उठली, भिंत चाचपत दारापर्यंत गेली. "पहिलं दळण गाईला घाल. नव्या दगडाचं पीठ माणसानं खायचं नसतं, तेवढं विसरू नकोस."

दुसऱ्या दिवसापासून दामिला एकटीच दळू लागली. काम लवकर उरके, हे खरे. पण गाणे होईना. पहिली ओळ येणार म्हणून ती क्षणभर थांबे आणि थांबलेल्या जात्याकडे बघत बसे. समोरच्या घरी तिने दोनदा पीठ नेले, आणि दोन्ही वेळा ते झाकणासकट परत आले. नागश्री सुपाऱ्यांची सालपटे काढून, दोरखंड वळून कशीबशी दिवस ढकलते, असे शेजारणी सांगत. दामिला ऐके आणि कामाला लागे.

तळावर पीठ पोचवायला जाताना तिची वाट पाथरवट आळीतून जाई. तिथली टाक्यांची टकटक कमी होत चाललेली तिला ऐकू येत होती. एकदा ती पाटी टेकवून उभी असताना आळीतला जुना कारागीर वप्पक बोधिसत्त्वांशी बोलत होता.

"दादा, आपणही उतरू खाली. त्याच्या भावाला भाव लावू. नाहीतर ही हत्यारं विकायची वेळ येईल."

"वप्पका, तो ज्या भावाला विकतो त्यात त्याचा दगडसुद्धा निघत नाही. गाठीचं धन जाळून तो शेक घेतोय."

"का म्हणून?"

"त्याला या आळीत एकट्याला राहायचंय. आपण उठून गेलो की मग तो म्हणेल तो भाव. त्याच्या भावामागं त्याचा हेतू आहे, तसा आपल्या भावामागं आपला आहे. मला एकट्याला राहायचं नाही आणि राजवाड्यात मिरवायचंही नाही. लोकांना जातं लागेल तेव्हा ते घडवणारा हात या आळीत जिवंत असावा, एवढं मला हवंय. भाव उतरवला तर आपण एकमेकांच्या पोरांच्या तोंडचं जाळू, आणि धन त्याच्याकडं जास्त आहे. आधी आपणच विझू."

"मग खायचं काय?"

"जुनी जाती गावभर आहेत. घरोघर जाऊन टाकी लावू. पसाभर पिठावर दिवस निघतात. मीही येतो."

आणि आळीचा वडील खांद्यावर झोळी टाकून दारोदार हिंडू लागला. कण्हदत्ताची माणसे हसत. "काय इसिदास, पीठ मागायला निघालात का?" बोधिसत्त्व म्हणत, "हो बाबा, टाकी लावून मागतो." आणि पुढे जात.

पावसाळा गेला, सुगी आली. आळीतली बरीचशी दारे बंद झालेली पाहून कण्हदत्ताने आपला भाव दुप्पट केला, मग तिप्पट केला. त्याच सुमारास लाल दगड झिजायला लागले. मऊ दगड तो, दाण्याबरोबर स्वतःही दळला जाई.

तळावरच्या आचाऱ्याने दामिलाची पाटी तिच्यापुढे सरकवली. "बाई, हे पीठ आहे की नदीची वाळू? काल माणसं जेवताना नुसती कचकच ऐकू येत होती. एका बैलवाल्याचा दात गेला. उद्यापासून दळण दुसरीकडं देतो मी."

"टाकी लावून आणते. चार दिवस थांबा."

"चार दिवस माणसं काय वारा खातील? पण बरी बाई आहेस. पौर्णिमेपर्यंत दुसरीकडून भागवतो, तोवर चांगलं पीठ आण."

दामिला कण्हदत्ताकडे धावली. तो जात्याला टाकी लावायचे जे मोल सांगत होता, त्यात पूर्वी दोन जाती आली असती. "दुसऱ्या पाथरवटाकडं नेलंस तरी उपयोग नाही," तो म्हणाला. "मधली खीळ मी वेगळ्या मापाची बसवलीय. ती काढायचं हत्यार फक्त माझ्याकडं आहे."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस, ताई. तू भाव विचारलास." कण्हदत्त दुष्टपणे बोलत नव्हता. त्याला ते अगदी साधे वाटत होते. "तुला जातं विकलं तेव्हा माझं नुकसान झालं. ते कधीतरी भरून घ्यायचंच होतं."

दामिला बाहेर आली तर सगळे नगर पाथरवट आळीकडे लोटले होते. लग्नसराई तोंडावर आलेली, घरोघरची लाल जाती एकदमच निकामी झालेली. बोधिसत्त्वांच्या अंगणात बायकांची रांग लागली होती. गर्दीची मजा बघायला श्रीपालही आला होता.

"इसिदास, आता तिप्पट सांगा," तो कानाशी लागला. "कोणी हूं की चूं करणार नाही."

वप्पकाचे गाल आत गेले होते. त्याने मान खाली घातली, पण बोलला तोही तेच. "दादा, पोरं उपाशी निजलीत आमची. आता दिवस आपले आलेत."

बोधिसत्त्वांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "वप्पका, तेव्हा मी उतरलो नाही, तर तू पोट मारून माझ्याबरोबर राहिलास. ते मी जन्मभर विसरणार नाही. पण आज चढलो तर त्याच्यात आणि आपल्यात काय अंतर राहिलं? त्याचा दिवस आधी आला आणि आपला नंतर, एवढंच. जुन्या भावात तुमची पोरं जेवत होती. पुन्हा जेवतील. आता तर हाताला वर्षभराचं काम आहे."

वप्पकाने हातोडी उचलली, आणि त्याच्या मागोमाग बाकीच्यांनी. भाव जुनाच राहिला.

दामिलाची पाळी आली. ती मान वर करीना. "तुम्ही सांगितलं होतं," ती पुटपुटली. तिला वाटले, आता टोमणा बसेल. तो बसला असता तर सोपे गेले असते.

बोधिसत्त्वांनी एवढेच विचारले, "आणि दुसरी कुठं आहे?"

"कोण दुसरी?"

"हे जातं एकटीला हलत नाही, ताई. समोर बसणारी कोण आहे, तिला घेऊन ये. दगड तिच्याही हाताला जुळायला हवा."

दामिला तशीच परत फिरली. आपल्या घराकडे न जाता समोरच्या दारात जाऊन उभी राहिली. नागश्री उंबऱ्यापाशी दोरी वळत बसली होती. बोटे सोलवटली होती. तिच्या शेजारी भिंतीला टेकवून जुन्या जात्याची वरची तळी ठेवलेली होती, पुसून लख्ख.

"कोण? सावली दामिलाची दिसते. पीठ आणलं असशील तर घेऊन जा."

"पीठ नाही आणलं, अक्का."

"मग?"

"माझ्या पिठात वाळू येते."

"ऐकलं मी. आख्ख्या गावाच्या दातांनी ऐकलं."

दामिला तिच्या पायाशी बसली. काय बोलायचे ते तिने वाटेत जुळवले होते, ते सारे विसरून ती म्हणाली, "अक्का, मला पहिल्या ओळी येत नाहीत. एकसुद्धा येत नाही. इतके महिने मी मुक्यानं दळते आहे."

नागश्रीचे हात थांबले. दोरीचा पीळ सुटत गेला तरी तिने तो धरला नाही. मग ती म्हणाली, "आणि मला दुसऱ्या येत नाहीत. रोज पहाटे या दगडावर हात ठेवून म्हणायला बसते आणि निम्म्यात अडते. वाटतं, समोरून येईल."

दामिलाने तिच्या हातातली दोरी बाजूला ठेवली.

"चल," दामिला म्हणाली. "मी धरते हात."

"नुसता हात काय धरतेस? एका बाजूनं ही तळी धर आधी. ती चांगली आहे अजून. म्हातारी झाली म्हणून काय टाकून द्यायची?"

बोधिसत्त्वांनी ती जुनी वरची तळी पालथी घालून पाहिली आणि कान लावून वाजवली. "हिला काही झालेलं नाही. खालची तेवढी नवी लागेल. मग दामही निम्मेच झाले, आणि त्याचे दोन वाटे." त्यांनी चार दगड काढून मांडले. नागश्रीने एकेकावर तळहात ठेवला, गाल टेकवला, आणि तिसऱ्यापाशी थांबली. "हा. हा थंड आहे आणि कुठंही भुसभुशीत लागत नाही." बोधिसत्त्वांनी तोच घडवला.

पौर्णिमेच्या आत जाते तयार झाले. पहिले दळण गाईने खाल्ले. दुसऱ्या पहाटे दोघी समोरासमोर बसल्या आणि एका खुंट्यावर दोघींचे हात आले. नागश्रीने पहिली ओळ म्हटली. दामिलाची ओळ यायला उशीर झाला. जाते फिरवीत नागश्री वाट पाहत राहिली. मग दुसरी ओळ आली.

पुढे कण्हदत्ताच्या दुकानात कोणी फिरकेना. गाठीचे धन जळून गेले होते आणि लाल जात्यांचा ढीग तसाच पडून होता. तो निघून जायच्या तयारीत असताना बोधिसत्त्व स्वतः त्याच्याकडे गेले.

"तुझं जातं वाईट नाही," ते म्हणाले. "गव्हासाठी ते कच्चं आहे. पण ज्या म्हातारीला मूठभर मीठ, चार हळकुंडं भरडायची असतात तिला आमचं हलत नाही. तिच्यासाठी वीक. खीळ सगळ्यांच्या मापाची बसव, आणि भाव असा ठेव की तुझंही पोट भरेल आणि तिचंही. आळीत जागा आहे."

कण्हदत्ताने विचारले, "मी तुम्हाला उठवायला आलो होतो. मला का ठेवून घेता?"

"मला एकट्याला राहायचं नव्हतंच कधी," बोधिसत्त्व म्हणाले.

ही कथा तथागतांनी जेतवनात सांगितली, तेव्हा सभेत दोन भिक्षुणी एकमेकींपासून दूर बसल्या होत्या. पूर्वी त्या एकत्र पाठ करीत. थोरलीने गाथेचा पहिला चरण म्हणावा आणि धाकटीने दुसरा. थोरली संथ म्हणते, आपला वेळ जातो, म्हणून धाकटीने पाठाची जागा वेगळी केली होती.

तथागत म्हणाले, "तेव्हाचा श्रीपाल आजही रेशमी उत्तरीय घेऊन पुढच्या ओळीत बसला आहे. कण्हदत्त या विहाराला आज धान्य पुरवतो, आणि योग्य मापाने पुरवतो. वप्पक या संघातच आहे. दामिला आणि नागश्री कोण, ते मी सांगायला नको, त्या दोघींना कळले आहे. पाथरवट इसिदास म्हणजे मीच होतो."

तेव्हा थोरल्या भिक्षुणीने, कुणाकडे न पाहता, हलक्या आवाजात गाथेचा पहिला चरण म्हटला आणि ती थांबली.

सभेच्या दुसऱ्या टोकाकडून दुसरा चरण आला.

तथागतांनी तो पुरा होऊ दिला. मग ते म्हणाले, "भाव पडला तरी ढळायचे नाही आणि भाव चढवता आला तरी ढळायचे नाही, कारण आपण कशासाठी बसलो आहोत हे मनाशी पक्के असते. या पक्केपणाला अधिष्ठान म्हणतात. त्या जन्मी मी ते पूर्ण केले, आणि त्याला मैत्रीची जोड होती."

धाकटी भिक्षुणी उठली, सभा ओलांडून गेली आणि थोरलीच्या समोर बसली.